पुण्यात बसून एस्टोनियाची कंपनी : ई-रेसिडेन्सीचा तीन वर्षांचा अनुभव

संगीत शिकवणाऱ्या छोट्या संस्थांना विद्यार्थ्यांचे वेळापत्रक, हजेरी आणि फी यांचा हिशेब ठेवता यावा यासाठीचे एक सॉफ्टवेअर मी आणि माझा सांगलीचा मावसभाऊ मिळून चालवतो. हॅम्बुर्गला स्थायिक झालेल्या एका ओळखीच्या तबलावादकांच्या वर्गासाठी ते प्रथम लिहिले गेले आणि तोंडोतोंडी पसरत गेले, त्यामुळे आमचे बहुतेक ग्राहक जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये आहेत. प्रत्येकाकडून महिन्याला पंधरा-वीस युरो येणार आणि त्यातले दोन-तीन युरो पैसे पुण्यापर्यंत पोहोचण्यातच खर्च होणार, हे गणित फार दिवस परवडणारे नव्हते. म्हणून २०२२ मध्ये आम्ही दोघांनीही उत्तर युरोपातल्या एस्टोनिया या छोट्या देशाच्या ई-रेसिडेन्सीसाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी तिथे कंपनी नोंदवली. सॉफ्टवेअरच्या धंद्याला ठिकाण लागत नाही, असे आम्ही तेव्हा ठामपणे म्हणत असू. ई-रेसिडेन्सी ही सेवाही त्याच गृहीतकावर उभी आहे, त्यामुळे तिचे परीक्षण करताना त्या गृहीतकाचेही करावे लागते.

ई-रेसिडेन्सी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाली. एस्टोनियाचे सरकार परदेशी माणसाला एक डिजिटल ओळखपत्र देते, त्या ओळखपत्राने तो तिथल्या सरकारी संकेतस्थळांवर प्रवेश करू शकतो, कागदपत्रांवर कायदेशीर सही करू शकतो आणि एस्टोनियात पाऊल न ठेवता तिथे कंपनी काढून चालवू शकतो. या ओळखपत्राने नागरिकत्व मिळत नाही, राहण्याचा परवाना मिळत नाही, व्हिसा मिळत नाही आणि कर कोणत्या देशात भरायचा हेही त्याने ठरत नाही. नावातल्या ‘रेसिडेन्सी’ या शब्दाने मात्र पुष्कळ गोंधळ होतो. मुलगा युरोपचा रहिवासी झाल्याचे माझ्या आईने इमारतीत चार घरी सांगितले होते आणि ते तिला चारही घरी जाऊन मागे घ्यावे लागले.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो आणि तो सुटसुटीत आहे. पासपोर्टची प्रत, छायाचित्र, आपला व्यवसाय काय आणि हे ओळखपत्र कशासाठी हवे आहे याविषयी थोडे निवेदन, एवढ्यावर काम भागते. शुल्क त्या वेळी शंभर-सव्वाशे युरोंच्या घरात होते, पुढे ते वाढले आहे. अर्जदाराची पार्श्वभूमी तिथले पोलीस आणि सीमा रक्षण मंडळ तपासते. मंजुरीची मेल आल्यानंतर ओळखपत्र आपण निवडलेल्या ठिकाणी पाठवले जाते, आणि ते घेण्यासाठी स्वतः हजर राहून बोटांचे ठसे द्यावे लागतात. आमच्यासाठी ते ठिकाण म्हणजे नवी दिल्लीतला एस्टोनियाचा दूतावास. ठिकाणाचे बंधन नसलेल्या धंद्याची सुरुवात अशा रीतीने पुणे-दिल्ली विमानाच्या तिकिटाने झाली. जानेवारीच्या धुक्यात विमान चार तास उशिरा पोहोचले. दूतावासातले काम मात्र एका चहाला लागेल तेवढ्या वेळात आटोपले: पासपोर्ट पाहिला, ठसे घेतले, एक लहानसे खोके हातात दिले.

त्या खोक्यात ओळखपत्र, यूएसबीला जोडायचा कार्ड रीडर आणि सांकेतिक आकड्यांचा बंद लिफाफा असतो. पहिला पिन चार आकडी, तो ‘मी कोण’ हे सांगण्यासाठी. दुसरा पाच आकडी, तो सही करण्यासाठी. हा दुसरा पिन टाकला की ती सही हाताने केलेल्या सहीइतकीच बंधनकारक ठरते, आणि युरोपीय संघाच्या नियमांनुसार संघातल्या सर्व देशांत ती ग्राह्य धरावी लागते. कंपनीची नोंदणी आम्ही एका रविवारी जेवणाच्या टेबलावर बसून केली. नाव उपलब्ध आहे का ते पाहिले, भागधारक आणि संचालक भरले, दोघांनी आपापल्या कार्डाने सह्या केल्या, नोंदणी शुल्क भरले. फेब्रुवारी २०२३ पासून भागभांडवलाची २,५०० युरोंची किमान अट तिथे राहिलेली नाही, त्यामुळे तोही प्रश्न उरला नव्हता. संचालक परदेशात राहत असतील तर एस्टोनियातला पत्ता आणि सरकारी पत्रव्यवहार स्वीकारणारी परवानाधारक संपर्क व्यक्ती नेमणे सक्तीचे असते. ती सेवा वार्षिक शुल्क घेऊन अनेक खासगी कंपन्या देतात. एवढे झाल्यावर दोन दिवसांत आमची कंपनी अस्तित्वात आली. एकही कागद छापला नाही, शिक्का उमटला नाही, आणि एकदा दिलेली माहिती दुसऱ्या कोणत्याही सरकारी खात्याने पुन्हा विचारली नाही. स्वसाक्षांकित प्रतींची फाइल बगलेत घेऊन फिरण्याची सवय झालेल्या माणसाला याचे काय वाटते, ते मराठी वाचकांना वेगळे समजावून सांगायला नको.

इथे भारतावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद करतो. कंपनीची नोंदणी आपल्याकडेही ऑनलाइन होते, तिच्यासाठी संचालकाला डिजिटल सही लागते आणि ती सहीसुद्धा यूएसबीच्या टोकनवरच, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या छोट्या उपकरणावरच, येते. डिजिटल सहीला मान्यता देणारा कायदा भारतात आणि एस्टोनियात एकाच वर्षी, म्हणजे २००० मध्ये, झाला. तंत्र सारखे, कायद्याचे वय सारखे. तरी दोन्हीकडे त्या टोकनचे जे होते ते पाहण्यासारखे आहे. आमच्या सीएंच्या कार्यालयात एक पोलादी कपाट आहे. त्याच्या मधल्या खणात, पूर्वी मिठाई आलेल्या एका डब्यात, पन्नास-साठ ग्राहकांची टोकने रबर बँड लावून ठेवलेली असतात आणि प्रत्येकावर चिकटवलेल्या कागदाच्या कपट्यावर ग्राहकाचे नाव आणि पासवर्ड लिहिलेला असतो. विवरणपत्र भरायची तारीख आली की कार्यालयातला मुलगा डबा काढतो, टोकन लावतो आणि संचालकांची ‘सही’ होते. यात कोणाचाही वाईट हेतू नसतो. सही हा संचालकाने करायचा निर्णय आहे, असे मुळात कोणाला वाटतच नाही. तो एक सोपस्कार असतो आणि सोपस्कार दुसऱ्याकडे सोपवायचे असतात.

एस्टोनियातल्या आमच्या हिशेबनीसबाईंना पहिल्याच वर्षी मी भाबडेपणाने विचारले की कार्ड आणि पिन तुमच्याकडे ठेवता येईल का, म्हणजे वार्षिक अहवालावर तुम्हीच सही करून टाकाल. त्यांचे एका ओळीचे उत्तर आले: “आपण असे पुन्हा कोणालाही विचारू नये, अशी विनंती आहे.” त्यानंतर दर जूनमध्ये अहवाल मी स्वतः वाचतो. न वाचता पाच आकडे टाकणे आता जमत नाही. या सेवेने मला जे दिले त्यात सर्वांत मोलाचे हेच आहे, आणि माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नाही.

ही सवय तिथे कुठून आली, याचे उत्तर रक्तात किंवा हवेत शोधण्याची गरज नाही. एस्टोनियाची लोकसंख्या साधारण १३-१४ लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पिंपरी-चिंचवडची १७ लाखांच्या वर होती. १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून बाहेर पडलेल्या त्या देशाकडे गावोगावी सरकारी कचेऱ्या चालवण्याएवढी माणसेही नव्हती आणि पैसाही नव्हता. मात्र राजधानी टालिनमध्ये १९६० पासून सायबरनेटिक्सची, म्हणजे यंत्रांच्या नियंत्रणाच्या शास्त्राची, एक संस्था होती आणि तिथे घडलेले गणिती आणि संगणकतज्ज्ञ होते. १९९६ मध्ये ‘टायगर लीप’ नावाचा कार्यक्रम जाहीर करून शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेण्यात आले. २००० पासून कंपनीच्या नफ्यावरचा कर नफा वाटला तरच घेण्याची पद्धत आली, २००१ मध्ये सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकांना जोडणारी ‘एक्स-रोड’ ही व्यवस्था आणि २००२ मध्ये डिजिटल ओळखपत्रे आली. आपली नोंद कोणत्या अधिकाऱ्याने केव्हा पाहिली, हे नागरिकाला स्वतः तपासता येते. लोकांचा सरकारी यंत्रणेवरचा विश्वास अशा तपासण्यांतून हळूहळू साठत गेला. ज्याला आपण राष्ट्रीय संस्कृती म्हणतो, तिचा हा भाग जेमतेम तीस वर्षांचा आहे आणि तो गरजेपोटी घडवलेला आहे.

त्या विश्वासाची कसोटीही एकदा लागली. २०१७ मध्ये ओळखपत्रांतल्या चिपमध्ये दोष असल्याचे चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या संशोधकांच्या लक्षात आले. सुमारे ७ लाख ६० हजार ओळखपत्रांना तो दोष लागू होता. दुरुस्ती हाताशी नसतानाच, सप्टेंबरच्या सुरुवातीला, सरकारने ही गोष्ट जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये सदोष प्रमाणपत्रे स्थगित केली आणि लोकांनी घरबसल्या ती अद्ययावत करून घेतली. दोष गंभीर होता आणि तो अगदी पायाशी होता, हे विसरता येत नाही. तरीही ज्या सेवेवर मी कंपनी ठेवणार, तिचा मालक चूक आधी सांगतो की आधी लपवतो, हा माझ्या लेखी मोठा निकष होता आणि अर्ज करण्यापूर्वी आम्ही या प्रकरणाची सगळी माहिती वाचून काढली होती.

मग ही जमीन इतकी चांगली असेल तर तिथलेच उद्योजक काय करतात, हेही पाहिले पाहिजे. स्काइपचे मूळ सॉफ्टवेअर २००३ मध्ये टालिनच्या अभियंत्यांनी लिहिले; संस्थापक होते एक स्वीडनचा आणि एक डेन्मार्कचा. ईबेने २००५ मध्ये ती कंपनी २६० कोटी डॉलरना घेतली, आणि त्या व्यवहारातून पैसा व त्याहून अधिक आत्मविश्वास टालिनमध्ये खेळू लागला. स्काइपच्या पहिल्या नोकरदारांपैकी तावेत हिन्रिकस यांनी क्रिस्तो कायरमान यांच्यासह २०११ मध्ये आज वाइज नावाने ओळखली जाणारी पैसे पाठवण्याची कंपनी काढली. दोघेही एस्टोनियन, पण कंपनी काढली लंडनमध्ये, कारण एकाला युरोत पगार मिळत होता आणि राहायचे होते लंडनला, तर दुसऱ्याचा पगार पौंडात होता आणि कर्जाचे हप्ते होते एस्टोनियात. त्यांची अडचण लंडनमध्ये जन्मली, तिथेच त्यांना गुंतवणूकदार आणि नियामक भेटले. त्याउलट बोल्ट ही टॅक्सीसेवा २०१३ मध्ये मार्कुस विलिग या एकोणीस वर्षांच्या मुलाने टालिनमध्येच सुरू केली आणि तिचे मुख्यालय आजही तिथेच आहे. आपल्या पुण्यातही २००८ मध्ये सुरू झालेल्या ड्रुवा या सॉफ्टवेअर कंपनीने मुख्यालय कॅलिफोर्नियाला नेले, अभियंते मात्र मोठ्या संख्येने पुण्यातच राहिले. सॉफ्टवेअर कुठेही लिहिता येते. ग्राहक, पैसा आणि परवाना जिथे असतो तिथे मात्र कोणाला तरी जाऊन बसावेच लागते, आणि नेमका हा जाऊन बसण्याचा भाग ई-रेसिडेन्सीच्या खोक्यात येत नाही.

याचा अनुभव आम्हाला बँकेच्या दारात आला. कंपनी दोन दिवसांत झाली, खाते उघडायला अकरा आठवडे लागले. एका बँकेने सरळ विचारले की तुमचा एस्टोनियाशी संबंध काय: तिथे नोकर आहेत का, ग्राहक आहेत का, पुरवठादार आहेत का, तुम्ही कधी येऊन गेलात का. चारही उत्तरे ‘नाही’ अशी होती. आमचा अर्ज नाकारला गेला आणि त्या दिवशी मी पुष्कळ चिडलो होतो, पण बँकेच्या बाजूने पाहिले तर हे समजण्यासारखे आहे. डेन्मार्कच्या डान्स्के बँकेच्या एस्टोनियातल्या शाखेतून २००७ ते २०१५ या काळात परदेशी ग्राहकांचे सुमारे २०० अब्ज युरो फिरले आणि त्यातला मोठा भाग संशयास्पद होता, हे २०१८ मध्ये उघड झाले. पुढच्या वर्षी नियामकाने ती शाखा बंद करायला लावली. त्यानंतर दूरच्या, अनोळखी मालकाच्या कंपनीला तिथली कोणतीही बँक हसत दार उघडेल, ही अपेक्षाच चुकीची होती. सरकारने ठिकाणाची अट काढली तरी बँकेने ती काढलेली नाही, आणि सरकार तिला तसे भागही पाडू शकत नाही.

शेवटी पैशांची देवघेव करणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीत खाते मिळाले. त्या खात्याचा क्रमांक लिथुआनियाचा आहे. नियमानुसार युरोच्या व्यवहारात खाते कोणत्या देशाचे आहे यावरून भेदभाव करता येत नाही. प्रत्यक्षात पहिले बिल पाठवल्यावर एका जर्मन संगीतशाळेच्या वयस्क व्यवस्थापकबाईंची अत्यंत सभ्य मेल आली: बिल एस्टोनियाच्या कंपनीचे, खाते लिथुआनियाचे, फोन उचलणारे गृहस्थ भारतातले, तर आपण नक्की कुठले आहात? करारावर आम्ही कार्डाने केलेली सही त्यांना उघडताच आली नव्हती, कारण ती साध्या पीडीएफमध्ये न येता एका वेगळ्या प्रकारच्या फाइलमध्ये बांधून येते. कायद्याने ती सही जर्मनीत पूर्ण ग्राह्य होती. बाईंनी मात्र करार छापून, त्यावर शाईने सही करून, त्याची स्कॅन केलेली प्रत पाठवण्याची विनंती केली. मी मुकाट्याने चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. आता प्रत्येक नव्या ग्राहकाला पहिल्याच मेलमध्ये आम्ही तीन वाक्यांत सांगून टाकतो की आम्ही दोघे महाराष्ट्रात राहतो, कंपनी एस्टोनियाची आहे आणि ती का आहे. हे सांगायला लागल्यापासून ग्राहक गळण्याचे प्रमाण कमी झाले, असे माझे निरीक्षण आहे. ठिकाण लपवून जे साधत नव्हते ते उघड सांगून साधले.

भारताची बाजू तर अनेक इच्छुक अर्जदार विचारातच घेत नाहीत. ‘एस्टोनियात नफ्यावर कर नाही’ हे वाक्य अर्धे खरे आहे. नफा वाटेपर्यंत कर नाही, वाटताना आहे, आणि २०२५ पासून तो वाटलेल्या निव्वळ रकमेच्या दर ७८ युरोंमागे २२ युरो असा आहे. पण कंपनीचे सर्व निर्णय आणि सर्व काम पुण्यातल्या टेबलावर होत असेल, तर त्या कामातून आलेल्या नफ्यावर भारताचा आयकर विभाग हक्क सांगू शकतो, आणि दोन्ही देशांमध्ये दुहेरी कर टाळण्याचा करार असला तरी तो करार कर माफ करत नाही, कोणी किती घ्यायचा तेवढे ठरवतो. याशिवाय परदेशी कंपनीत भांडवल घालणे ही रिझर्व्ह बँकेच्या नियमांत बसणारी परदेशी गुंतवणूक आहे. २०२२ च्या नियमांनुसार ती अधिकृत बँकेमार्फत कळवावी लागते, तिला एक विशिष्ट क्रमांक मिळतो आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वार्षिक अहवाल द्यावा लागतो. आमच्या भांडवलाची रक्कम इतकी लहान होती की बँकेतल्या अधिकाऱ्यांना ती चुकून कमी शून्ये पडून आलेली वाटली. तरीही कागद तेवढेच लागले. एस्टोनियात जी फाइल टळली ती इथे तयार झाली, आणि ती आता बरीच जाड आहे.

खर्चाचे सांगायचे तर ओळखपत्राचे शुल्क हा सर्वांत छोटा आकडा आहे. पत्ता व संपर्क व्यक्ती, तिथला हिशेबनीस आणि इथला सीए यांची वर्षाची बेरीज त्याच्या कित्येक पट होते. आम्ही आधी नेमलेल्या संपर्क सेवेने दुसऱ्या वर्षी पूर्वसूचना न देता दर वाढवले, तेव्हा ती बदलावी लागली. बदलण्याचे काम मात्र कार्डाने दहा मिनिटांत झाले. महिन्याला दोन-तीनशे युरो मिळवणाऱ्या एकट्या फ्रीलान्सरला हे सगळे परवडणार नाही आणि त्याला त्याची गरजही नाही. युरोपात नियमित वर्गणी देणारे पंचवीस-तीस तरी ग्राहक आधीच असतील, भागीदार वेगवेगळ्या गावांत किंवा देशांत असतील आणि त्यांनी इथल्या सीएंशी आधी सविस्तर बोलून घेतले असेल, तर ही सेवा उत्तम आहे. जर्मनीतून आपोआप वळते होणारे पंधरा युरो आता पंधराच्या पंधरा जमा होतात, आणि मूळ अडचण तीच होती.

ग्राहक मिळवून देण्याच्या कामी तिचा काहीही उपयोग नाही. आमचे ग्राहक हॅम्बुर्गच्या तबल्याच्या वर्गातून आले, टालिनमधून एकही आला नाही. २०१४ मध्ये ही कल्पना मांडली गेली तेव्हा २०२५ पर्यंत एक कोटी ई-रहिवासी करण्याचे स्वप्न होते. प्रत्यक्षात तो आकडा एक लाखाच्या पुढे गेला आहे. मला यात अपयश दिसत नाही, पण कंपनी कुठे नोंदवली याने धंद्याचा किती भाग हलतो याचा अंदाज त्या दोन आकड्यांवरून येतो.

मदतकेंद्राची उत्तरे थोडक्यात आणि अचूक असतात. हिवाळ्यात टालिन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असल्याने ती आपल्याकडे दुपारनंतर येतात. सरकारी सेवेला पाचांपैकी साडेचार गुण देतो, आणि तिच्याभोवतीच्या बँका, संपर्क सेवा व कागदपत्रांच्या व्यवस्थेला अडीच. ओळखपत्राची मुदत पाच वर्षांची असते आणि नवे कार्ड घेण्यासाठी पुन्हा स्वतः जावे लागते. आमची मुदत संपायला अजून अवकाश आहे, पण या खेपेस अर्ज अशा बेताने करायचा की दिल्लीला जाणे फेब्रुवारीच्या अखेरीस पडेल, असे मावसभावाशी बोलणे झाले आहे.